सहासष्ट बाइट

आठ वर्षं मी एक नियम पाळला, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराकडून पाळून घेतला. चालू डिस्कच्या बूटच्या जागेला हात लावायचा नाही. आधी मशीन बंद करायचं, सीडीवरून उठवायचं, डिस्क कोणी वापरत नाही याची खात्री करायची आणि मगच बूट कोड लिहायचा. या नियमात मुळातच खोट होती हे मला २०१२ च्या मे महिन्यात कळलं. त्याची किंमत मी मोजली नाही, एका दूध संघाला दूध घालणाऱ्या माणसांनी मोजली. ज्या पोरांना मी तो नियम शिकवला ती आज मोठ्या जागी कामाला आहेत. कदाचित अजून तसंच करत असतील. म्हणून हे लिहितो आहे.

बूट कोड म्हणजे मशीनला जाग आल्यावर वाचायला मिळणारं पहिलं पान. वीज आली की बायोस डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत उचलतो आणि त्यात जे लिहिलं असेल ते करायला लागतो. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर ही मांडणी आली. त्या ५१२ बाइटांतले पहिले ४४६ कोडसाठी. पुढचे ६४ म्हणजे डिस्कचा सातबारा: चार नोंदी, प्रत्येकी सोळा बाइटांची, कोणता भाग कुठून सुरू होतो आणि किती मोठा आहे. शेवटचे दोन बाइट सहीचे. कोड आणि सातबारा एकाच कागदावर, आणि दोघांच्या मध्ये साधी रेघसुद्धा नाही.

मी संगणक शिकलो तो फ्लॉपीचा काळ होता. बूट सेक्टरवर कोण लिहितं, या प्रश्नाला तेव्हा आमच्याकडे एकच उत्तर होतं: व्हायरस. १९८६ चा लाहोरचा ‘ब्रेन’ तिथेच जाऊन बसायचा. १९९० मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ तर दर ५ जानेवारीला मशीन अडवून ठेवायचा, ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. आमच्या क्लासच्या सरांनी सगळ्या मशीनांच्या बायोसमध्ये ‘व्हायरस वॉर्निंग’ चालू करून ठेवलं होतं. कोणी बूट सेक्टरवर लिहायला निघालं की काम थांबायचं आणि पडद्यावर इशारा यायचा. त्या इशाऱ्याची धास्ती माझ्या मनात खोल बसली. तिथे लिहिणं हेच संशयास्पद, असं मला बरीच वर्षं वाटत राहिलं.

तो संशय २००४ मध्ये पक्का झाला. एका छोट्या छापखान्यात मी दोन मशीन बसवून दिली होती, दोन्हींवर लिनक्स. एकावर विंडोजही होतं, आणि ते पुन्हा टाकावं लागलं तेव्हा लिनक्सचा बूट कोड पुसला गेला. मालक बूट फ्लॉपी घालून मशीन उठवत होते. मी म्हटलं, शेजारच्या मशीनचा कोड यालाही चालेल. त्याचा पहिला सेक्टर फ्लॉपीवर घेतला आणि या चालू मशीनच्या डिस्कवर डीडी या आज्ञेने उतरवला. किती बाइट, या जागी मी ५१२ लिहिलं. ४४६ लिहायला हवं होतं.

मशीन पुढे सहा दिवस सुरळीत चाललं. लग्नपत्रिका छापल्या, बिलं निघाली. सातव्या दिवशी बंद करून चालू केलं आणि लिनक्सही उठेना, विंडोजही उठेना. चालू असलेल्या कर्नलच्या मेमरीत जुना, खरा सातबारा होता, त्याच्यावर ते सहा दिवस काम करत राहिलं होतं. डिस्कवर मात्र मी शेजारच्या मशीनचा सातबारा लावून ठेवला होता, आणि दोन्ही डिस्कांचे हिस्से वेगवेगळे होते. मला त्या वेळी एवढंही उमगलं नाही. चालू असताना लिहिल्याने डिस्क खराब झाली असं समजून मी नवी बसवली. जुनी पुठ्ठ्याच्या खोक्यात गेली आणि तिच्याबरोबर चार महिन्यांची डिझाइन्स. मालक मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

त्या रात्री मी वहीत नियम लिहिला: चालू डिस्कवर बूट कोड लिहायचा नाही. खाली दोन रेघा मारल्या.

दूध संघाचं काम माझ्याकडे २०१० मध्ये आलं. गावोगावच्या संस्थांकडून सकाळ-संध्याकाळ येणारं दूध, प्रत्येक नमुन्याची फॅट आणि एसएनएफ, पशुखाद्याची कपात, आणि दर दहा दिवसांनी निघणारं बिल, हे सगळं एका मशीनवर. त्यावर मी फ्रीबीएसडी ही प्रणाली घातली होती. दोन डिस्क, एकीवर जे लिहाल ते दुसरीवरही आपोआप, आणि दोघींवर मिळून झेडएफएस ही फाइलप्रणाली. अशा डिस्कांनी मिळून तयार होणाऱ्या साठ्याला झेडएफएसच्या भाषेत पूल म्हणतात.

फ्रीबीएसडीचा एक गुण मला फार आवडायचा. २००३ च्या ५.० या आवृत्तीपासून त्यात जिऑम नावाची व्यवस्था आहे. डिस्कचा एखादा भाग वापरात असेल तर त्यावर बाहेरून लिहायची परवानगी ती रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही, देत नाही. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’, एवढंच उत्तर येतं. या कुलपाला किल्ली आहे. एका सेटिंगमध्ये १६ हा आकडा घातला की अख्ख्या डिस्कवर कुठेही लिहिता येतं. मॅन्युअलमध्ये या किल्लीला जे नाव दिलं आहे त्याचा आपल्या भाषेत अर्थ, आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची मुभा. माझ्या नियमाला याहून मोठा साक्षीदार कुठला हवा होता? ज्यांनी ही प्रणाली लिहिली तेही माझ्यासारखंच म्हणतायत, असं मी पोरांना सांगायचो.

एप्रिल २०१२ मध्ये मी त्या मशीनवर ८.२ काढून ९.० घातलं. सगळं नीट चाललंय असं आठवडाभर पाहिलं आणि मग पूलही नव्या स्वरूपात नेला. आधी तो झेडएफएसच्या १५ व्या स्वरूपात होता, आता २८ व्या. ही वाट एकेरी आहे, एकदा वर नेलेला पूल खाली आणता येत नाही. कर्नल नवा होता, बाकीचे कार्यक्रम नवे होते. जुना राहिला होता तो फक्त बूट कोड, कारण तो पूलच्या फाइलींत नसतो. तो डिस्कच्या सुरुवातीला वेगळा बसलेला असतो आणि प्रणाली नवी केली म्हणून आपोआप बदलत नाही. आत घरातल्या सगळ्यांना नवी लिपी शिकवली, दारावरचा माणूस मात्र जुनीच वाचणारा.

हे मला माहीत होतं. हे पुन्हा सांगतो, कारण इथे अज्ञान नव्हतं. बूट कोड लिहायचा राहिलाय हे वहीत लिहिलेलं होतं. पण माझ्या नियमाप्रमाणे त्यासाठी मशीन तासभर बंद करायला हवं होतं. सकाळी साडेपाचपासून दूध येतं, मग टँकरची चलनं, दुपारी हिशेब, संध्याकाळी पुन्हा दूध. येत्या रविवारी करू म्हटलं. त्या रविवारी घरात लग्न निघालं. पुढच्या रविवारी संघाची माणसं बिलाच्या गडबडीत. असे तीन रविवार गेले.

१० मेच्या रात्री भारनियमन सुरू झालं ते नेहमीपेक्षा लांबलं. जनरेटर होता तो दूध थंड ठेवायच्या टाक्यांसाठी, ऑफिसला यूपीएसच्या बॅटऱ्या. त्या संपल्या. पहाटे वीज आली, मशीन आपोआप चालू झालं आणि पहिल्याच पायरीवर थांबलं. मी पोचलो तेव्हा काळ्या पडद्यावर एक ओळ होती. तिचा अर्थ असा: मला १५ पर्यंत वाचता येतं, इथे २८ आहे. दोन्ही डिस्क धडधाकट, एकूण एक नोंद जागेवर, आणि दार उघडणारं कोणी नाही.

९.० ची डीव्हीडी माझ्या घरी, सव्वाशे किलोमीटरवर. तोवर खाली सकाळचं दूध कागदावर घेतलं जात होतं. ११ तारीख, बिलाचा दिवस. खिडकीपाशी पंधरा-वीस जण उभे होते. हिशेबनीस काका त्यांना ‘मशीन बसलंय, उद्या या’ म्हणून सांगत होते. एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, आज पेंडीचं पोतं न्यायचं हाय. जनावराला उद्या या म्हणून सांगता येतंय व्हय?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते खरंच विचारत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी डीव्हीडी आली. मशीन तिच्यावरून उठवलं आणि प्रत्येक डिस्कवर डीडीच्या दोन ओळी चालवल्या. लिहायला सेकंदही लागला नाही. बिल मात्र १३ तारखेला निघालं.

त्या एका सेकंदाच्या कामासाठी मी तीन आठवडे मशीन बंद करायची वाट बघत होतो, हे मला रात्री झोपू देईना. दुसऱ्या दिवशी झेडएफएसच्या मांडणीचा दस्तऐवज छापून घेतला, आलेखाचा कागद घेतला आणि डिस्कच्या सुरुवातीच्या चार एमबीचं चित्र काढलं. ही मोजदाद मी पहिल्यांदाच करत होतो. आठ वर्षं नियम सांगितला होता, पण ती जागा कधी मोजून पाहिली नव्हती.

झेडएफएस आपल्या भागाच्या सुरुवातीला दोन लेबलं ठेवतं, प्रत्येकी २५६ केबीची, आणि तशीच दोन अगदी शेवटी. सुरुवातीच्या लेबलातले पहिले ८ केबीही ते रिकामेच सोडतं. दोन लेबलांनंतर पुढे साडेतीन एमबी कोरी जागा आहे. ती उरली म्हणून कोरी नाही, बूट कोडसाठी ठरवून सोडलेली आहे. पूल कितीही घाईत असो, सेकंदाला हजारो नोंदी लिहीत असो, तो त्या पट्ट्यात पाऊल टाकत नाही. आणि माझा बूट कोड शंभर केबीचाही नव्हता. मी ज्या जागी चालू डिस्कवर लिहायला घाबरत होतो, तिथे दुसरं कोणी लिहीतच नव्हतं.

मग बाकीच्या फाइलप्रणाल्या पाहिल्या. एक्स्ट-४ पहिले १,०२४ बाइट मोकळे सोडते. यूएफएस-२ आणि बीटीआरएफएस ६४ केबी सोडतात. एक्सएफएस काहीच सोडत नाही, तिचा सुपरब्लॉक पहिल्याच सेक्टरवर असतो. एक्सएफएसच्या भागाच्या सुरुवातीला बूट कोड लिहिलात तर मशीन बंद असो वा चालू, तुम्ही तिच्या काळजावर लिहिता. कागदावर हे सगळं शेजारी शेजारी मांडलं तेव्हा छापखान्यातला प्रसंग समोर उभा राहिला, आणि पहिल्यांदाच मी वजाबाकी केली. ५१२ वजा ४४६. सहासष्ट.

त्या सहासष्ट बाइटांनी घात केला होता. मशीन बंद करून, सीडीवरून उठवून, सगळे सोपस्कार पाळून मी ५१२ लिहिलं असतं तरी अगदी तेच झालं असतं. उलट, मशीन चालू होतं हीच त्या प्रसंगातली एकमेव चांगली गोष्ट होती. सहा दिवस खरा सातबारा त्याच मशीनच्या मेमरीत जिवंत होता. कोणता भाग केवढा, हे एका आज्ञेत छापून घेता आलं असतं, त्यावरून डिस्कवरच्या नोंदी दुरुस्त करता आल्या असत्या आणि कोणाला काही कळलंही नसतं. लिहिल्यावर मी परत वाचून पाहिलं असतं, तर. मी वाचलं नाही. आणि दोष दिला तो डिस्क चालू असण्याला.

त्या दिवसापासून माझं मत बदललं. बूट कोड चालू मशीनवरूनच लिहावा. कारण काही चुकलं तर दुरुस्त करायला लागणारं सगळं तिथे हाताशी असतं: जुना कोड, नवा कोड, कागदपत्रं, नेटवर्क, आणि अजून काम करत असलेलं मशीन. बंद मशीनपुढे डीव्हीडी घेऊन बसलेल्या माणसाकडे यातलं फार थोडं असतं. क्रमही मी उलटा केला. नव्या बूट कोडला जुना पूल वाचता येतो, जुन्या कोडला नवा पूल वाचता येत नाही. म्हणजे आधी कोड, मग मुद्दाम एकदा मशीन बंद-चालू करून पाहणं, आणि पूल सर्वांत शेवटी. माझ्या नियमाने मला नेमकं उलट करायला लावलं होतं, कारण कोडसाठी मशीन बंद करावं लागायचं आणि पूल चालू मशीनवर वर नेता यायचा. सोपं काम आधी उरकलं गेलं.

कुलपाबद्दल मात्र मत बदललं नाही. ते असायलाच हवं. तो १६ आकडा कायमच्या सेटिंगमध्ये घालून ठेवलेली मशीन मी पाहिली आहेत, आणि ते मला अजिबात मान्य नाही. किल्ली लागेल तेवढ्या दोन मिनिटांसाठी. लिनक्समध्ये तर वर्षानुवर्षं असं कुलूपच नव्हतं. २०२४ च्या ६.८ या कर्नलपासून, वापरात असलेल्या डिस्कवर थेट लिहिणं बंद करायचा पर्याय मिळू लागला. उशिरा का होईना, चांगलं झालं. आणि चालू डिस्कची एक भीती खरी आहे, तीही सांगायला हवी. लिलोसारखा जुना बूट कोड कर्नलची फाइल नावाने शोधत नसे. ती डिस्कवर कुठल्या कुठल्या ब्लॉकमध्ये आहे याची यादी करून ठेवत असे. नंतर कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवलं नाही, की यादी रिकाम्या घरांची. तिथे चालू मशीन तुमच्या पायाखालून जमीन सरकवू शकतं.

नवा क्रम पहिल्यांदा वापरला तो २०१३ च्या शेवटी, त्याच संघात, ९.२ घालताना. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, खाली दूध येत होतं. हाताखालचा मुलगा सवयीने म्हणाला, “सर, बंद करू का?” मी नको म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, कारण त्याला तो नियम मीच शिकवला होता.

किल्ली लावली तरी परवानगी अख्ख्या डिस्कवर मिळते, तिच्या भागांवर नाही. म्हणून जागा आपणच मोजायची. आमचा भाग ६३ व्या सेक्टरवर सुरू होत होता. बूट कोडचा पहिला तुकडा तिथे, एकच सेक्टर. लगेच पुढच्या, ६४ व्या सेक्टरवर त्या भागाचं स्वतःचं लेबल होतं, झेडएफएसचं नव्हे. ‘एकच’ हा आकडा लिहायचा राहिला असता तर ते गेलं असतं, म्हणजे पुन्हा ते सहासष्ट बाइट, फक्त मोठे होऊन. कोडचा उरलेला तुकडा ६३ अधिक १,०२४, म्हणजे १,०८७ पासून पुढे, त्या कोऱ्या पट्ट्यात. हे सगळं मी कागदावर लिहिलं, मुलाला मोठ्याने वाचायला लावलं, आणि टाइपही त्यालाच करायला सांगितलं. त्याआधी डिस्कची सुरुवातीची पाच एमबी जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. किल्ली लावली, दोन ओळी चालवल्या, किल्ली काढली. मग लिहिलेलं परत वाचून मूळ फाइलीशी ताडून पाहिलं. सीएमपी ही आज्ञा दोन्हीकडे सारखं असेल तर काहीच बोलत नाही. ती काहीच बोलली नाही. खाली पावत्यांचा प्रिंटर खडखडत होता, तो एकदाही अडखळला नाही.

दूध संपल्यावर, रात्री साडेनऊला, आम्ही स्वतः मशीन बंद करून चालू केलं. डीव्हीडी टेबलावर होती. दुसऱ्या डिस्कला हात लावला नव्हता. मशीन पहिल्या डिस्कवरून उठलं. मग दुसरीवर तेच केलं, आणि पूल पुढच्या आठवड्यात वर नेला.

आता बहुतेक नव्या मशीनवर हा प्रश्न असा उभा राहत नाही. जीपीटी मांडणीत बूट कोडला स्वतःचा वेगळा भाग मिळतो, आणि यूईएफआय आल्यापासून तर बूट कोड म्हणजे एका छोट्या विभागात कॉपी करायची फाइल झाली आहे. जुनी मशीन गावोगावच्या ऑफिसांत अजून चालू आहेत.

गेल्या वर्षी छापखान्यात गेलो होतो. आता मुलगा बघतो. त्याच्या वडिलांना जे सांगायचं राहून गेलं होतं ते त्याला सांगितलं: डिस्क खराब नव्हती, डिझाइन्स तिच्यावरच होती, चूक माझी होती. त्याने आठवून सांगितलं की ते खोकं घर रंगवताना भंगारात दिलं.

मी ज्यांना तो नियम पाठ करायला लावला त्यांच्यापैकी दोघांना फोन झाले. तिसऱ्याचा जुना नंबर आता लागत नाही.